प्रयोगाच्या टेबलावरून: वाचकांचे प्रश्न

टोपोलॉजिकल पदार्थांतून वीज कशी वाहते आणि चुंबकीय क्षेत्रात तिचं काय होतं, यावर आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्नाचा गाभा ठेवून बाकीचं कापलं आहे.

प्रश्न: टोपोलॉजी समजावताना सगळे मेदूवडा आणि बटाटेवडा पुढे करतात. एकाला भोक, दुसऱ्याला नाही. पण त्या भोकाचा विजेशी संबंध काय? मुलं विचारतात आणि मी अडकतो. (भौतिकशास्त्राचे शिक्षक, काटोल)

सर, अडकणं साहजिक आहे, कारण त्या वड्याकडून झेपेल त्याहून जास्त काम करून घेतलं जातं. स्फटिकात कुठेही भोक नसतं. इलेक्ट्रॉनच्या तरंगफलनाला संवेगाच्या अवकाशात किती पीळ पडले आहेत, एवढंच मोजायचं असतं, आणि पीळ पूर्णांकातच पडतात. वर्गात वड्याऐवजी कमरेचा पट्टा न्या. एक पीळ देऊन बक्कल लावा. आता पट्टा कितीही ओढा, वाकवा, पीळ जात नाही. तो काढायचा तर बक्कल उघडावंच लागतं. पदार्थात बक्कल म्हणजे ऊर्जेची फट, जिथल्या ऊर्जा इलेक्ट्रॉनला घेता येत नाहीत. आत पीळ आहे, बाहेरच्या हवेत नाही, म्हणून सीमेवर ती फट मिटावी लागते. त्यामुळे पदार्थ आतून रोधक असला तरी पृष्ठभागावर वीज वाहते. पुढच्या पत्रांतले बिस्मथ टेल्युराइड आणि बिस्मथ सेलेनाइड हे याच जातीचे.

आकडा हवा असेल तर क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांचं १९८० चं मापन सांगा. तीव्र क्षेत्रात हॉल रोध (प्रवाहाला आडवं पडणारं व्होल्टेज भागिले प्रवाह) २५,८१२.८०७ ओहम भागिले पूर्णांक एवढाच येतो, मग नमुन्याचा आकार कसाही असो. २०१३ मध्ये बीजिंगच्या गटाने क्रोमियम मिसळलेल्या बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडच्या पातळ थरात, ३० मिलिकेल्विनला, बाहेरचं क्षेत्र बंद असतानाही हाच आकडा मिळवला. पीळ मोजण्याच्या या कल्पनेसाठी थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

प्रश्न: विभागातल्या विद्युतचुंबकावर बिस्मथ टेल्युराइडच्या तुकड्याचा हॉल परिणाम मोजते आहे. क्षेत्र ०.५ टेस्ला, प्रवाह १० मिलिअँपिअर डीसी, तुकडा २ मिमी रुंद, ०.२ मिमी जाड. सकाळचं आणि दुपारचं उत्तर जुळत नाही. कधी कधी चिन्हही बदलतं. तुकडा खराब आहे का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, अमरावती रोड)

तुकड्याला दोष देण्याआधी काय मोजताय त्याचा हिशोब करू. बिस्मथ टेल्युराइडमध्ये घनसेंटिमीटरला २ गुणिले १० चा १९ वा घात इतके वाहक धरले, तर तुमच्या मापांत हॉल व्होल्टेज येतं ७.८ मायक्रोव्होल्ट. बस, एवढंच.

आता त्याच तारांवर आणखी काय बसलंय ते बघा. समोरासमोरचे दोन संपर्क नेमके समोरासमोर कधीच नसतात. रोधकता १ मिलिओहम-सेंटिमीटर असेल तर तुमच्या तुकड्यावर दर मिलिमीटरला २५० मायक्रोव्होल्टचा उतार आहे. संपर्क ०.२ मिमी मागेपुढे झाले की ५० मायक्रोव्होल्ट फुकटचे, म्हणजे हॉलच्या सहापट. क्षेत्र उलटं करून दोन्ही वाचनांची वजाबाकी करा आणि दोनाने भागा, हे जातं. क्षेत्र एकाच दिशेला ठेवून मिळालेलं हॉल व्होल्टेज वहीत लिहूसुद्धा नका.

चिन्ह बदलण्याचं कारण मात्र बहुधा उष्णता आहे. पाण्याच्या छोट्या डिस्पेन्सरमधली थंड करणारी पाटी याच पदार्थाच्या मिश्रधातूंची असते. त्याचा सीबेक गुणांक, म्हणजे तापमानाच्या फरकातून मिळणारं व्होल्टेज, केल्विनला २०० मायक्रोव्होल्टच्या आसपास. दोन संपर्कांत ०.०५ केल्विनचा फरक पडला की १० मायक्रोव्होल्ट, तुमच्या सिग्नलहून जास्त. मे महिन्यात नागपुरात खोलीत कूलर चालतोच. त्याचा झोत एका बाजूने आला की एवढा फरक पडायला वेळ लागत नाही. नमुना थर्माकोलच्या खोक्यात कापसाने झाका, सगळ्या तारा एकाच जाडीच्या तांब्याच्या घ्या आणि प्रत्येक बिंदूला प्रवाह दोन्ही दिशांनी वाहवून वाचनांची वजाबाकी करा आणि दोनाने भागा.

इथपर्यंत बहुतेक जण करतात. खरी मेख पुढे आहे. या पदार्थातून डीसी प्रवाह सोडला की पेल्टिए परिणामाने एक टोक गरम आणि दुसरं थंड होतं, आणि त्या फरकाचं सीबेक व्होल्टेज खऱ्या व्होल्टेजमध्ये मिसळतं. प्रवाह उलटा केला की तेही उलटतं, म्हणून त्या वजाबाकीने जात नाही. तारांवर अधांतरी टांगलेल्या तुकड्यात ही भर रोधकतेच्या किती पट असते? उष्णतेतून वीज काढणारे थर्मोइलेक्ट्रिकवाले पदार्थाचा कस मोजायला जो झेडटी नावाचा आकडा वापरतात, तितक्या. झेडटी ०.५ असेल तर रोधकता दीडपट दिसू शकते. ५ मिमीच्या तुकड्यात हा उतार दोनतीन सेकंदांत तयार होतो, म्हणून मल्टिमीटर स्थिरावायची वाट बघणारा माणूस हमखास चुकीचा आकडा टिपतो. हॉलमध्ये याच जातीची एटिंग्सहाउझेनची भर येते, म्हणजे क्षेत्रामुळे प्रवाहाच्या आडव्या दिशेत तापमानाचा फरक पडतो. ती प्रवाह आणि क्षेत्र दोन्हीबरोबर उलटते, त्यामुळे कोणत्याच वजाबाकीत सापडत नाही.

उपाय एकच: उताराला तयार व्हायला वेळच द्यायचा नाही. लॉक-इन अॅम्प्लिफायर (ठरवलेल्या एकाच वारंवारितेचा सिग्नल वेचणारं यंत्र) असेल तर १३.७ हर्ट्झसारखी वारंवारिता घ्या. ५० किंवा २५ नको, आणि ५० चा तिसरा हिस्सा १६.६७ सुद्धा नको. विजेच्या लाइनचा गोंगाट तिथे शिरतो. लॉक-इन नसेल तर प्रवाहाची दिशा अर्ध्या सेकंदाच्या आत उलटवत राहा. हे बरंच चांगलं असलं, तरी लॉक-इनची सर येत नाही.

दुपारच्या फरकाचं आणखी एक कारण चुंबकात असू शकतं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. गुंडाळी ३० अंशांनी तापली आणि पुरवठा स्थिर व्होल्टेजवर असला, तर प्रवाह आणि त्याबरोबर क्षेत्र दहा टक्क्यांहून जास्त उतरतं. पुरवठा स्थिर प्रवाहावर ठेवा आणि क्षेत्र दर वेळी गॉसमीटरने नमुन्याच्या जागीच मोजा. कॅलिब्रेशनच्या जुन्या तक्त्यावर विसंबू नका, लोखंडात शेष चुंबकत्व राहतंच.

संपर्कांबद्दल: तुकड्याचा वरचा पापुद्रा सेलोटेपने काढा आणि ताज्या पृष्ठभागावर लगेच सिल्व्हर पेस्टने २५ मायक्रॉनची सोन्याची तार बसवा. प्रवाहाचे संपर्क वरून टिकलीसारखे देऊ नका. हा पदार्थ थरांचा आहे आणि थरांना आडवी वीज अनिच्छेने जाते. वरून दिलेला प्रवाह वरच्याच थरांत फिरतो, मग तुम्ही हिशोबात धरलेली ०.२ मिमी जाडी खोटी ठरते. टोकाच्या पूर्ण काठावर, वरपासून खालपर्यंत, पेस्ट लावा.

प्रश्न: बिस्मथ सेलेनाइडचे स्फटिक वाढवताना क्वार्ट्झची नळी दोनदा फुटली. तिसऱ्यांदा वाचली, पण वाहकांची संख्या घनसेंटिमीटरला १० चा १९ वा घात आली. पृष्ठभागाचं काहीच दिसत नाही. (संशोधक विद्यार्थी, नागपूर)

नळी फुटते ती सेलेनियमच्या वाफेने. सेलेनियम २२१ अंशांना वितळतं आणि ६८५ ला उकळतं. बिस्मथशी त्याचा संयोग होण्याआधीच तुम्ही भट्टी वर नेली, तर मोकळ्या सेलेनियमचा दाब थेट काचेवर येतो. तापमान ताशी ५० अंशांहून वेगाने वाढवू नका आणि ३०० च्या आसपास १२ तास थांबा, म्हणजे बराचसा संयोग तिथेच होऊन जाईल. मग ८५० पर्यंत न्या, एक दिवस ठेवा, मधेमधे नळी हलवा. नळी भट्टीत नुसती ठेवू नका, सिरॅमिकच्या नळकांड्यात सरकवा. फुटलीच तर खोली सोडा. ती वाफ विषारी आहे आणि कुजक्या मुळ्यासारख्या वासाची वाट बघत उभं राहणं शहाणपणाचं नाही.

पाच ग्रॅमसाठी बिस्मथ ३.१९१ ग्रॅम आणि सेलेनियम १.८०९ ग्रॅम लागतं. सेलेनियम दोन टक्के जास्त घ्या, म्हणजे १.८४५. बिस्मथच्या तुकड्यांवर ऑक्साइडची कळा असेल तर आधी खरवडा. वितळणबिंदू ७०६ अंश आहे, म्हणून ८५० ते ७२० उतरताना घाई चालते, पण ७२० ते ६५० ताशी २ अंशांनीच उतरा. त्याला ३५ तास लागतात. या ३५ तासांत वीज गेली तर पुन्हा ७५० वर नेऊन तो टप्पा पहिल्यापासून करा. अर्धवट गोठलेल्यावर पुढे चालू ठेवलं की दाणेदार गोळा मिळतो. शेवटी ५५० ला काही दिवस ठेवून भट्टी बंद करा.

वाहकांचं गणित असं. सेलेनियमची प्रत्येक रिकामी जागा दोन इलेक्ट्रॉन देते. १० चा १९ वा घात वाहक म्हणजे सुमारे चार हजार सेलेनियम अणूंमागे एक गायब. एवढी चूक कोणत्याही तराजूवर दिसत नाही, म्हणून केवळ वजन नेमकं करून ती जाणार नाही. जादा सेलेनियमने ती कमी होते, संपत नाही. आतला भाग खरोखर रोधक हवा असेल तर बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम आणि सेलेनियम या चौघांच्या मिश्रणाकडे वळा.

प्रश्न: २ केल्विनला शून्य क्षेत्राभोवती रोधात टोकदार खाच मिळाली. हिकामी-लार्किन-नागाओका सूत्र बसवलं, तर अल्फा जवळपास उणे दीड लाख आला. वीक अँटिलोकलायझेशन म्हणून लिहू का? संपर्क इंडियमचे आहेत. (याच विषयाची संशोधक विद्यार्थिनी)

पत्राचं शेवटचं वाक्य तुम्ही पहिलं लिहायला हवं होतं. (इतर वाचकांसाठी: वीक अँटिलोकलायझेशन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या तरंगांच्या व्यतिकरणामुळे शून्य क्षेत्राजवळ रोध घटणं. ते सूत्र या खाचेचा आकार सांगतं आणि त्यातला अल्फा किती थर वाहताहेत ते.) इंडियम ३.४ केल्विनखाली अतिवाहक होतं. २ केल्विनला त्याचं क्रांतिक क्षेत्र, म्हणजे अतिवाहकता मोडणारं क्षेत्र, सुमारे १८ मिलिटेस्ला. आता अँटिलोकलायझेशनच्या खाचेची रुंदी काढा: इलेक्ट्रॉनची कला (तरंगाची लय) १०० नॅनोमीटर टिकत असेल, तर येते १६ मिलिटेस्ला. दोन्ही खाचा एकाच मापाच्या, म्हणून हा घोळ पुन्हा पुन्हा होतो. फोर प्रोब (प्रवाहाला दोन आणि व्होल्टेजला वेगळे दोन संपर्क) असलं तरी सुटका नाही, नमुन्यावर पसरलेला इंडियम खालचा भाग शॉर्ट करतो. तारा कथिल-शिशाच्या सोल्डरने जोडल्या असतील तर हाच त्रास ७ केल्विनच्या आसपास सुरू होतो.

तपासणी अर्ध्या तासाची आहे. ४ केल्विनला तेच मापन करा. खाच गायब झाली तर ती इंडियमची. अँटिलोकलायझेशन असं एकदम जात नाही, हळूहळू पसरट होत विरतं. मग सिल्व्हर पेस्ट लावून पुन्हा मोजा.

खाच टिकली तरी अल्फाचा प्रश्न उरतो. ते सूत्र पातळ थरासाठी आहे, जिथे जाडी कला टिकण्याच्या अंतरापेक्षा कमी असते, आणि एका पृष्ठभागाने अल्फाची किंमत उणे अर्धा यायला हवी. तुमचा स्फटिक ०.१ मिमी जाड असेल, तर त्यात पाच-पाच अणूंचे साधारण एक लाख थर आहेत. लाखांतला अल्फा म्हणजे आतले थर समांतर वाहताहेत. पृष्ठभाग दोनच आहेत, त्यांच्या वाट्याला उणे एक येतो.

प्रश्न: ९ टेस्लापर्यंत शुब्निकोव्ह-द हास दोलनं दिसतात, वारंवारिता १०० टेस्ला. लँडाऊ निर्देशांकाच्या आलेखाचा छेद ०.४ आला. बेरी कला पाय सिद्ध झाली, असं मार्गदर्शक म्हणतात. हॉलवरून वाहक घनसेंटिमीटरला ६ गुणिले १० चा १८ वा घात आहेत. (नाव न छापण्याची विनंती)

नाव छापत नाही, पण मार्गदर्शकांना पुढचं दाखवा. (इतर वाचकांसाठी: क्षेत्र वाढवताना इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या, म्हणजे लँडाऊ पातळ्या, एकेक करून रिकाम्या होतात आणि रोध वरखाली होतो, ती ही दोलनं. त्यांना क्रमांक देऊन काढलेल्या रेघेचा छेद अर्ध्याच्या जवळ आला, तर तरंगफलनाचा पीळ सांगणारी बेरी कला पाय (π) आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाचे आहेत, असं मानतात.)

१०० टेस्लाला ९ ने भागा: तुम्ही अकराव्या पातळीवर आहात आणि तिथून शून्यापर्यंत रेघ लांबवताय. वारंवारितेत एक टक्क्याची चूक झाली, म्हणजे एक टेस्लाची, तर ९ टेस्लापाशी छेद ०.११ ने सरकतो आणि ५ टेस्लाच्या शिखरांवर भर दिला तर ०.२ ने. ०.४ मधून ०.२ गेले की उरलं काय? वारंवारिता फूरिए रूपांतरावरून घ्या, रेघेच्या उतारावरून घ्या, दोन्ही जुळतात का बघा, आणि छेदाबरोबर त्रुटी लिहा.

दुसरं: पूर्णांक कशाला दिले, शिखराला की दरीला? पूर्णांक वाहकतेच्या दरीला द्यायचा, रोधकतेच्या नाही. आडवा (हॉलचा) रोध लहान असेल तर वाहकतेची दरी रोधकतेच्या शिखरावर येते, मोठा असेल तर रोधकतेच्या दरीवर. चुकीचं निवडलं की छेद सरळ अर्ध्याने हलतो, आणि सगळा वाद त्या अर्ध्याचाच तर आहे! उभी रोधकता भागिले दोन्ही रोधकतांच्या वर्गांची बेरीज, असं करून आधी वाहकता काढा.

पण माझ्या मते तुमच्या पत्रातच उत्तर आहे. १०० टेस्लाची वारंवारिता पृष्ठभागाची मानली, तर तिथे चौरस सेंटिमीटरला २.४ गुणिले १० चा १२ वा घात इलेक्ट्रॉन निघतात. तीच आतल्या गोलाकार फर्मी पृष्ठाची (संवेगाच्या अवकाशात इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या भागाच्या सीमेची) मानली, तर घनसेंटिमीटरला ५.७ गुणिले १० चा १८ वा घात. तुमचा हॉल म्हणतो ६. दोलनं आतली आहेत.

खात्री हवी तर नमुना फिरवा. पृष्ठभागाच्या दोलनांची वारंवारिता एक भागिले कोसाइनप्रमाणे वाढते. पण ३०-४० अंशांवर थांबून निकाल देऊ नका, लांबट अंड्यासारखं आतलं फर्मी पृष्ठही तिथपर्यंत तसंच वागतं. ६० च्या पुढे जा.

प्रश्न: निओबियम फॉस्फाइडमध्ये क्षेत्र प्रवाहाला समांतर ठेवलं की रोध घटतो, एका जोडीवर तर व्होल्टेज ऋण झालं. कायरल अॅनॉमली एवढी तीव्र असते? (प्राध्यापक, नागपूर)

नसते. व्होल्टेज ऋण होणं हीच ती नसल्याची खूण आहे. समांतर क्षेत्रात वाइल बिंदूंच्या (ऊर्जेचे दोन पट्टे जिथे एकमेकांना टेकतात त्या बिंदूंच्या) जोडीत इलेक्ट्रॉन एका बाजूकडून दुसरीकडे जातात, हीच कायरल अॅनॉमली, आणि रोध घटतो, हे निएल्सन आणि निनोमिया यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं. पण तो रोध कमी होतो, चिन्ह बदलत नाही.

तुमच्याकडे घडतंय ते शेतकऱ्याला लगेच कळेल: सरीत सोडलेलं पाणी सरीनेच पळतं, वरंबा ओलांडत नाही. या पदार्थात इलेक्ट्रॉन इतके चपळ आहेत की आडव्या क्षेत्रात रोध अफाट वाढतो. निओबियम फॉस्फाइडमध्ये १.८५ केल्विन आणि ९ टेस्लाला साडेआठ लाख टक्के वाढ नोंदलेली आहे. म्हणजे क्षेत्राच्या दिशेने वहन सोपं आणि आडवं जवळपास बंद. प्रवाहाचा संपर्क टिकलीएवढा असेल, तर प्रवाह त्या टिकलीपासून समोरच्या टिकलीपर्यंत धारेसारखा जातो आणि कडा कोरड्या पडतात. कडेवरची व्होल्टेजची जोडी मग काहीही दाखवते. इंग्रजीत याला करंट जेटिंग म्हणतात.

नमुना लांबट कापा, लांबी रुंदीच्या किमान चारपाच पट. दोन्ही टोकं पूर्ण पेस्टने माखा. मग व्होल्टेजची एक जोडी मध्यरेषेवर आणि एक कडेवर लावा. क्षेत्र वाढवताना दोन्ही जोड्या सारख्या खाली आल्या तर पुढे बोलता येईल. मधली वर आणि कडेची खाली गेली तर तो नमुन्याच्या आकाराचा परिणाम आहे, छापू नका. नमुना क्षेत्राला नेमका समांतर आहे याचीही खात्री करा. आडवा रोध एवढा मोठा असताना अर्ध्या अंशाचा कलसुद्धा आलेख वर उचलतो.

प्रश्न: नागपुरात ९ टेस्लाचं यंत्र हाताशी नाही. काय करावं? (वरच्याच चार पत्रांत हा प्रश्न होता)

इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्रात विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव पाठवून मापनाचा वेळ मिळतो. तिथे जाण्याआधी इथेच ७७ केल्विनची चाचणी करून घ्या. गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्या ज्या नळकांड्यात ठेवतात, त्यातला द्रव नायट्रोजन आणि तुमच्या कामाचा नायट्रोजन एकच. तो मिळवणं कठीण नाही. स्टीलच्या थर्मासमध्ये, झाकण सैल ठेवून, नमुना हळूहळू खाली सोडा. तीन वेळा गार-गरम करूनही फोर प्रोबचा रोध तोच आला, तरच तो नमुना प्रवासाला न्या. ज्याचा संपर्क नायट्रोजनमध्ये सुटतो, तो हेलियममध्ये सुटणारच, आणि तिथे तुमची पाळी मोजक्याच वेळाची असते.

प्रत्येक नमुन्याचे दोन तुकडे तारा जोडून आणि एक तुकडा कोरा, असे सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डबीत न्या. २५ मायक्रॉनची तार, पेस्ट, लाकडी टूथपिक आणि भिंग सोबत हवंच. तारा ताणून बसवू नका, थोडा झोल ठेवा. गार होताना आकुंचन पावणाऱ्या तारेला तेवढी जागा लागते.